एकदा वाजवली म्हणजे हो

७ एप्रिल, सोमवार
डॉक्टरचं काय जातंय पातळ घ्या, पातळ घ्या म्हणायला. एकदा स्वतः पिऊन बघावं. वरणाचं पाणी, गाळलेली पेज, दुधात घोटलेलं केळं, तेही पिचकारीनं गालातून आत सोडायचं. लहानपणी बैलगाडीवरून पडले, जबडा वाकडाच सांधला, तो या वयात कापून सरळ केला. वरचे-खालचे दात तारेनं बांधलेत. हनुवटी बधिर, तोंड भोपळ्याएवढं. पण आरशात बघितलं तर हनुवटी मधोमध. हसू आलं, आणि हसता येईना.

खोली मात्र झकास. जळगावात, दवाखान्याजवळ, माडीवर. कूलर आहे, मोरीत पाणी आहे. डोंगराखालच्या आमच्या गावी इतक्यात जाऊ नका म्हणाले, उलटी झाली तर गुदमराल. तार कापायची कात्री दिलीय, ती उशाशी ठेवलीय. मालकीण जुबेदाबी खाली गोधड्या शिवते. तिचं तोंड माझ्यापेक्षा तिखट. तिनंच युक्ती काढली, स्टीलची वाटी आणि चमचा. हाक आली की एकदा वाजवली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. वर म्हणते, "सोनीबाई, तुमच्या मालकाचे सुखाचे दिवस आले."

ही वही पोरीनं दिली, रोहिणीनं. बोलता येत नाही तर लिही म्हणे. चौथी शिकलेली बाई मी. चुका होतील. होऊ देत.

९ एप्रिल, बुधवार
जीव सगळा रोहिणीपाशी. धुळ्याला नर्सिंग शिकते. नणंदेला ती तिच्या पोरासाठी, नवलसाठी पाहिजे. नवल पितो. पहिली बायको मारून हाकलली. मी दवाखान्यात यायच्या आधी सुकलालला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भावकीसमोर बजावलं, माझ्या तोंडून हो निघाल्याशिवाय सुपारी फोडायची नाही. एकदा सुपारी फुटली की आमच्यात सोयरीक मोडत नाही. तो म्हणाला, तुझ्या तोंडून कधी हो निघालंय? बरोबर बोलला.

आज दुपारी गोळीच्या गुंगीत पडले होते. जिन्यातून हाक आली, "सोनी, शे का वं घरमा?" घरात आहेस का विचारलं, म्हणून वाटी वाजवली. एकदा. वर कोणीच आलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार
जुबेदाबीला लिहून विचारलं, काल काय काम होतं. ती काल दिवसभर भुसावळला होती, बहिणीकडे. आणि ती काही आमच्या गावासारखी बोलत नाही. मला सोनी फक्त आई म्हणायची. आईला जाऊन किती वर्षं झाली.

आमच्याकडे भर दुपारच्या पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा हाक मारतो. दुसरं जे असतं ते एकदाच मारतं. आईनं थोबाडीत देऊन शिकवलं होतं. पण मला दम कुठे.

ओ तोंडानं दिली तर लागते. वाटी वाजवली ती थोडीच धरतात.

१२ एप्रिल, शनिवार
तपासणीला गेले होते. खोलीला कुलूप, फोन आत चार्जिंगला. आल्यावर जुबेदाबी फुगून बसलेली. तार काढली ते सांगितलं नाही, आणि फोनवर बोलताय काय, खिदळताय काय, सगळं खाली ऐकू येत होतं म्हणे. मी तिला बांधलेले दात दाखवले. तिचा चेहरा उतरला.

फोन बघितला. सुकलालला लावलेला.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. खूश. मी हो म्हणाले म्हणे, स्वतःच्या तोंडानं. वीस तारखेला, रविवारी सुपारी. मी घशातून ओरडले. नुसती गुरगुर निघाली. कोण आहे रे तिकडे, म्हणाला, आणि ठेवला.

१४ एप्रिल, सोमवार
सुकलालला वाचता येत नाही, म्हणून रोहिणीला मेसेज टाकला. मी हो म्हटलेलं नाही. तिचं उत्तर आलं, आत्ताच आई बोलली दुसऱ्या नंबरवरून. हा फोन चोरलाय. आता मेसेज केला तर पोलिसात जाईन.

त्यानंतर एकही मेसेज जात नाही.

माझ्या पोरीला माझा आवाज खरा वाटतो. मी खोटी —

१५ एप्रिल
तार कापली. रक्त आलं. जबडा सुटला. तोंड उघडून नाही म्हणाले.

हवा आली. नुसती हवा.

खाली माझा आवाज जुबेदाबीला सांगत होता, मी बरी आहे, वर येऊ नका —

१६ एप्रिल
जुबेदाबी वर येत नाही. मी जिन्यात उतरत नाही, तिथे ते आहे. उद्या सकाळी तिचा पुतण्या धुळ्याला जातोय. वही खिडकीतून तिच्या अंगणात टाकते. पुढच्या पानावर तुझा पत्ता लिहिलाय. ती देईल पाठवून. देईल ना —

रोहिणी. हे अक्षर ओळख. चुका ओळख. ते चुका करत नाही.

आत्ता जिन्यात तुझा आवाज आला. आई, आहेस का. एकदाच. तू धुळ्यात ना? मी वाटी खिडकीबाहेर फेकली. तरी खोलीत वाजली. एकदा —

मला शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे. फोनवर नको. इथे ये, हाक मारू नको, दार दोनदा वाजव. आणि खरं सांग, भर दुपारी माझ्या आवाजात तुला कोणी हाक मारली का? तू ओ दिली का? शनिवारपर्यंत, रोहिणी, रविवारी सुपारी, तू ओ —