सुमीच्या अंगठ्याची दोरी

देऊळघाट, मार्च १९६३, मंगळवार, संध्याकाळ

मॅट्रिकचा पहिला पेपर चांगला गेला. पण डोक्याची आग शांत होईना, म्हणून लिहायला बसले.

वर्षभर बाळाच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून अभ्यास केला. आज बुलढाण्याला निघताना ती दोरी ह्यांच्या हातात दिली. "जाय, मी पाह्यतो," म्हणाले. परत येऊन पाहते तर दोरी सुमीच्या अंगठ्याला! पाच वर्षांची पोर भिंतीला टेकून पाय हलवत बसलेली.

"माय, बाबा पारावर गेले. उठू नको म्हने मले."

पारावर! पत्ते कुटायला!

आल्यावर विचारलं तर हसतात. "काऊन चिडून राह्यली? पोरीच्या जातीले आतापासून सवय पाहिजे."

सवय? कसली सवय? त्या एवढ्याशा अंगठ्यावर लाल वळ उठलाय. तेल लावताना पोर म्हणते, "माय, मी झोका थांबू नाही देल्ला." मला तिथेच रडू फुटलं.

उद्या गणित. निघताना दोरी ह्यांच्याच अंगठ्याला बांधीन. आणि गाठ अशी मारीन, की पारावर जायचंच असेल तर पाळणा ओढत न्यावा लागेल.