शुक्रवारी साडेअकराला टोपलीत वाजणारा फोन

प्रति,
मा. सौ. योगिनी मॅडम,
कामगार कल्याण अधिकारी,
कंपनी कार्यालय, शर्क, कुवेत.

विषय: शुक्रवारच्या सुधारणा वर्गातून अर्जदारास साडेअकराला दहा मिनिटे बाहेर सोडणेबाबत.

संदर्भ: आपले व्याख्यान, ‘अमेरिकेतल्या जुन्या गिरण्या आणि परदेशी मजूर’, भाग चौथा.

अर्जदार: सखाराम धुरी, शटरिंग सुतार, खोली क्र. १२, कामगार वसाहत, रिग्गई.

महोदया,

१. अर्जदार भिडस्त आहे. तोंड उघडायला त्याला मुहूर्त लागतो. सबब हा अर्ज त्याच्या शेजारच्या खाटेवरचा नंदकुमार लिहीत आहे.

२. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या गिरण्यांत देशोदेशीचे मजूर आले आणि त्यांना सुधारायला भल्या घरच्या बाया त्यांच्या चाळींत शिरल्या, हे आपण तळमळीने सांगता. अर्जदार पहिल्या बाकावर बसून ऐकतो. त्या मजुरांनी आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपल्या मर्जीचे मागितले, हे ऐकून तर त्याने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच वाजवल्या, हे आपणास स्मरत असेलच.

३. अडचण अशी की आपला वर्ग नेमका त्या मर्जीच्या तासांत, शुक्रवारी अकरा ते दोन भरतो, आणि दारातच सर्वांचे मोबाइल टोपलीत जमा होतात. अर्जदाराची पत्नी सीताबाई देवगडकडे काजूच्या कारखान्यात कामाला आहे. तिलाही शुक्रवारचीच सुट्टी. गावात रेंज नाही. वरच्या सड्यावर, उघड्या कातळ-पठारावर चढले तरच मिळते. सकाळी गुरे-पाणी, संध्याकाळी बिबट्याची धास्ती, म्हणून दुपारचे दोन. म्हणजे आपले कुवेतचे साडेअकरा. चार शुक्रवार ती उन्हातून चढली आणि तशीच उतरली. काल तिचा आवाजी निरोप आला: “तुमची अमेरिका सुटली काय माका फोन करा.” खोलीतले सगळे हसले. अर्जदार हसला नाही, जेवलाही नाही.

४. कामगाराने मनात कुढू नये, लेखी मागावे, ही आपलीच शिकवण. अर्जदारात आजवर झालेली सुधारणा ती एवढीच.

५. तरी दहा मिनिटे मिळावीत. शिस्त मोडत असेल तर तो फोन आपण स्वतः उचलावा आणि “सखाराम जेवला, बरा आहे” एवढे सांगावे. मात्र परक्या बाईचा आवाज ऐकून सीताबाई पुढे जे विचारील, त्याची उत्तरे आपणाजवळ नसतील. तेव्हा कृपया फोन पहिल्या बाकाकडे द्यावा.

आपल्या वर्गातला, न चुकता हजर राहणारा नम्र,
सखाराम धुरी (सही)
लिहिणार: नंदकुमार
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

सोबत: फोनची खूण. काच तडकलेली, मागे गावच्या देवाचा फोटो. चार शुक्रवार वाजून वाजून थांबतो, तोच.