हँडल लालासाहेबाला, किल्ली नाथाजीला

मी, मनुबाई भ्रतार आकाराम काटकर, धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे धामणटेक, तालुका माण, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीनं सांगून लिहवून ठेवते. वय सदुसष्ट धरावं. जन्माची नोंद कुणी केली नाही. मोठी साथ आली त्या वर्षी मी शेळ्या राखत होते, त्यावरून विष्णुपंतांनी हिशेब केला आहे.

मला अक्षर येत नाही. बोलणं माझं, लिहिणं विष्णुपंतांचं. ते आमच्या शाळेचे जुने मास्तर. माझ्या बोलण्याला त्यांनी हवी तेवढी इस्त्री करावी, पण कापड बदलू नये असं ठरलं आहे.

माझं डोकं ठिकाणावर आहे. दहिवडीच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कुठला?" मी म्हणाले, "बॅटरीचा." त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग सांगावं लागलं, की सोमवारी बाजाराच्या एस.टी.नं माझी बॅटरी चार्जिंगला दहिवडीला येते आणि मी तिच्याबरोबर येते, म्हणून सोमवार हा बॅटरीचा वार. तेव्हा दाखला मिळाला. कोणावर रागावून किंवा कोणाच्या दबावाखाली मी हे करत नाही. रागावलेली आहे, पण ते वेगळं.

पहिली गोष्ट घराची. तीन खणांचं घर व पुढचं अंगण दोन्ही मुलांचं समाईक: थोरला नाथाजी, राहणार सांगली, आणि धाकटा लालासाहेब, राहणार मुंबई, गोदीत कामाला. वाटणीची भिंत घालू नये. तीन खणांत भिंत घातली तर दीड-दीड खणात राहणार कोण? तसंही राहत कोणीच नाही. दोन खण मी झाडून ठेवते आणि एकात निजते.

माळाची चार एकर जमीनही दोघांची. पोस्टातलं पुस्तक मुलगी विजयमाला हिचं, ती जतला दिली आहे. तिला जास्त काही देत नाही, कारण ती एकटीच न बोलावता येते.

दोन शेळ्या शेजारच्या दगडाबाईला. काळीला पाठीवर हात फिरवल्याशिवाय पान्हा सुटत नाही, हे तिनं ध्यानात ठेवावं.

आता रंगूबाई. आमच्या घरासमोर राहते. चढायला म्हणून मी एक लाकडी खोकं वापरत असे, ते तिला द्यावं. कशावर चढायला ते पुढं येईल. मी पहिल्यांदा त्या खोक्यावरून ड्रायव्हरच्या जागेवर चढले, तेव्हा ही बाई भर रस्त्यात म्हणाली होती, "मनी ड्रायवर झाली, आता आकारामाला लुगडं नेसवा." गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली. मी विसरलेले नाही. आता तिचे गुडघे गेले आहेत, उंबरा चढताना खोकं कामाला येईल. पाय ठेवेल तेव्हा माझी आठवण काढेल, चांगली नाहीतर वाईट.

आता गाडी.

अंगणात लिंबाखाली उभी असलेली डॉज गाडी ही माझी सर्वांत मोठी मिळकत आहे. लढाईतली, लष्करी रंगाची, चारी चाकांना जोर असलेली, पुढच्या बंपरावर विंच, म्हणजे तारेच्या दोराचा लोखंडी रहाट. माझे मालक आकाराम लढाईत ड्रायव्हर होते. परत आले आणि अठ्ठेचाळीस साली पुण्याकडच्या लष्कराच्या लिलावातून ही गाडी घेऊन आले. दरवाजे नव्हते, छप्पर ताडपत्रीचं, आणि सेल्फ, म्हणजे बटणानं इंजिन फिरवायची मोटर, कुणीतरी आधीच काढून नेलेला. शिवाय स्टेअरिंग डाव्या हाताला, परदेशी रीतीप्रमाणं.

त्यामुळं ही गाडी एका माणसाच्यानं चालत नव्हती. मालक पुढं उभे राहून बंपरच्या भोकातून लोखंडी हँडल मारायचे, तेव्हा आत कुणीतरी चोक ओढून पायानं रेस द्यायला लागायची. नेमक्या वेळी दिली नाही तर इंजिन खोकून गप्प. घरात दुसरं मोठं माणूस मीच. ते म्हणाले, "ये, बस वर." मी म्हणाले, "लोक हसतील." ते म्हणाले, "हसू दे. हसून गाडी चालू हुती का?" एकदा मी घाईनं पाय दाबला, हँडल उलटं फिरलं आणि त्यांचा अंगठा मोडला. तेव्हापासून त्यांनी शिकवलं, हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, वेढा घालायचा नाही. लालासाहेबानं हे वाक्य दोनदा वाचावं.

रस्त्यावरही तसंच. ड्रायव्हर डावीकडं बसला की समोरून येणारी गाडी त्याला दिसत नाही. पुढच्या बैलगाडीला ओलांडायचं तर उजवीकडं बसलेल्यानं बघून सांगायचं. तिथं मी. माझे शब्द दोनच: "मोकळा हाय" आणि "थांबा." मी म्हणाले मोकळा, की ते गाडी बाहेर काढायचे, मान वळवून खात्री करायचे नाहीत. घरात माझं एक ऐकलं नाही त्या माणसानं, पण रस्त्यावर माझ्या शब्दावर जीव टाकला. सोळा वर्षं. विहिरींतले दगड ओढले, खंडाळ्याच्या घाटात अडकलेले ट्रक ओढले, वऱ्हाडं नेली. चौसष्ट साली ते गेले, घरात, झोपेत. गाडीचा काही दोष नाही.

मग नाथाजी डावीकडं बसला. हँडल लालासाहेब मारायचा आणि उजवीकडून बघायचाही तोच. बाहत्तरच्या दुष्काळात मागं पाण्याची टाकी बसवून दोघांनी जतच्या पलीकडच्या वस्त्यांना पाणी पोचवलं. जिथं ओढ्याच्या वाळूत दुसऱ्या गाड्या बसायच्या, तिथं लालासाहेब खाली उडी मारून विंचचा दोर झाडाला गुंतवायचा आणि गाडी आपली आपण वर यायची. तिकडच्या बायका कानडीत ओरडायच्या, "नीरु बंतु!" पाणी आलं. ते शब्द दोघांच्या तोंडात बसले. अंगणात गाडी शिरली की दोघं तसंच ओरडायचे आणि मी आतून म्हणायचे, "आलं तर आलं, घागरीत वता, माझ्या कानात न्हाई." त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं, पण मला एकटं वाटलं नाही.

पाऊस परत आला आणि नाथाजीनं गाडी सुधारायची काढली. तीन महिने सांगलीत हरी मिस्त्रीच्या शेडमध्ये ठेवली. परत आली ती मी ओळखली नाही. दरवाज्यांची पत्र्याची केबिन, काच वर-खाली होणारी. नवीन सेल्फ. पेट्रोल इंजिन काढून डिझेल. स्टेअरिंग उजवीकडं आणलेलं आणि बाहेर दोन आरसे, म्हणजे बघून सांगणारं माणूसही नको. पुढं नवा बंपर, हँडलचं भोक बुजवलेलं. काम चांगलं होतं. मिस्त्रीला मी नावं ठेवत नाही. रात्री-अपरात्री आता कुणाला उठवायला लागणार नाही, असं नाथाजी म्हणाला, तेही खरं.

लालासाहेब सवयीनं हँडल घेऊन पुढं धावला आणि भोक शोधत वाकला. नाथाजी केबिनमधून हसला, "ठिव ती सळई, गड्या. आता तुजी गरज न्हाई. गाडी एकट्यानं चालती." चेष्टाच ती. आमच्या घरात चेष्टेशिवाय कोणी बोलत नाही, आणि ही खोड माझी आहे. मी उंबऱ्यात उभी होते. मी म्हणाले, "मग ह्याला आता शेळ्यांमागं धाडू." आणि हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

लालासाहेब जेवला. हँडल माझ्या चुलीजवळ ठेवलं. सकाळच्या एस.टी.नं मुंबईला गेला. चार वर्षं होत आली. मला कार्ड टाकतो, तीन ओळींचं: खुशाल आहे, काळजी नसावी, कळावे. भावाला एक ओळ नाही. नाथाजीला मी म्हणाले, "जा, घिऊन ये त्याला." तो म्हणाला, "मी काय वाईट बोललो, आई? तू बी हसलीस की." हसले होते.

नाथाजी दोन वर्षांपूर्वी बायकोपोरं घेऊन सांगलीला गेला. उसाच्या वाहतुकीला नवा ट्रक घेतला. डिझेल इंजिन तिकडं पंपाला हवं होतं, ते काढून नेलं. मी सांगितलं, रिकाम्या पोटाची गाडी माझ्या दारात उभी करायची नाही. तेव्हा हरी मिस्त्रीकडून जुनं पेट्रोल इंजिन परत बसवून दिलं. आता नाथाजी म्हणतो, मिरजेच्या भंगारवाल्याला देऊ. लालासाहेबाला हे विजयमालेकडून कळलं. त्याचं म्हणणं, विका, पण मला विचारून विका. इतक्या वर्षांत भावासाठी निघालेला त्याचा हा पहिला शब्द, तोही जतवरून फिरून आला.

तरी माझं सांगणं असं:

सदर गाडी दोन्ही मुलांना समाईक देत आहे. गाडीची किल्ली नाथाजीला. हँडल लालासाहेबाला. ते चुलीमागच्या कोनाड्यात तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं आहे. बॅटरी आता म्हातारी झाली, ठिणगी देते पण तिच्यानं सेल्फ फिरत नाही. हँडलच मारायला लागावं म्हणून मीही नवीन आणली नाही. बंपरचं बुजवलेलं भोक मी जोतिबा लोहाराकडून पुन्हा पाडून घेतलं आहे. तो म्हणाला, "आजी, कुणासाठी?" मी म्हणाले, "वारा जायला."

माझ्या तेराव्यानंतर दोघांनी मिळून गाडी चालू करावी. लालासाहेबानं हँडल मारावं, नाथाजीनं वर बसून रेस द्यावी आणि जतच्या त्या ओढ्यापर्यंत जाऊन यावं. आरसे मी काढून ठेवलेले नाहीत, पण नाथाजीनं त्यात बघू नये, भावाला विचारावं. नाथाजीची मुलगी विनोदिनी, माझी नात, हिला मधे बसवावं. ती मला कार्डात विचारते, आजी, तू खरंच गाडी चालू करायचीस का. हे वाचून दाखवा तिला.

गाडी एवढी एकदा जाऊन आली, की मग ठेवा, विका, पुन्हा सुधारा, तुमची मर्जी. मला गाडीचा मोह नाही. एकटा कोणी विकू पाहील तर त्याला अधिकार नाही.

आणि लालासाहेबा, त्या दिवशी उंबऱ्यात मी जे बोलले ते मागं घेते. हे तोंडानं सांगायला हवं होतं. कार्डावर विष्णुपंतांकडून लिहवून घेताना लाज वाटली. इथं सरकारी कागद आहे म्हणून धीर आला.

गाडीच्या वर्णनात मी "चालू स्थितीत" असं लिहायला सांगितलं, तेव्हा विष्णुपंतांनी हात आखडला. म्हणाले, "मनुबाई, मी बघितल्याशिवाय लिहीत नाही. दोन वर्षं ती जागची हललेली नाही." मी म्हणाले, "मग धोतर खोचा." कालच्या सोमवारी बॅटरी चार्ज होऊन आलीच होती. साक्षीदार समोर उभे राहिले. मास्तरांना अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं. मी खोक्यावरून वर चढले. स्टेअरिंग उजवीकडं आणलंय, म्हणजे माझ्या जुन्या जागेवरच आलंय. मी माझ्या जागेवर बसले आणि चोक ओढला. तीन हँडल वाया गेली. रंगूबाई दारात आली होती. ती ओरडली, "मने, पाय दाब की!" चौथ्याला इंजिन लागलं. सगळी गाडी थरथरली, लिंबावरचे कावळे उडाले.

मी सवयीनं डावीकडं तोंड करून म्हणाले, "मोकळा हाय." डावीकडची जागा रिकामी होती. मग पेट्रोल जळतंय म्हणून बंद केली.

तरी गाडी चालू स्थितीत आहे असं लिहावं.

येणेप्रमाणे सांगितलेलं मला वाचून दाखवलं, दोन ठिकाणी मी हसले, एका ठिकाणी नाही, आणि सगळं बरोबर आहे म्हणून अंगठा देत आहे.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: मनुबाई भ्रतार आकाराम काटकर

साक्षीदार:
१. जोतिबा रामू लोहार, राहणार धामणटेक. सही. (गाडी चौथ्या हँडलला चालू झालेली समक्ष पाहिली.)
२. आप्पासो बाळा खरात, राहणार धामणटेक. सही. (पाहिली. बाई खरंच वर बसल्या होत्या.)

लिहिणार: विष्णुपंत दामोदर खरे, निवृत्त शिक्षक. सही थरथरलेली दिसते ती हँडलमुळे. कृपया शंका घेऊ नये.

मुक्काम धामणटेक, तारीख ८ फेब्रुवारी १९७७, मंगळवार.