पाळण्याखाली समुद्र

आषाढ अमावास्या, संध्याकाळ

पाणी ओसरल्यावर पहिला आला तो जनूभाऊ, दर निवडणुकीला मतं मागणारा. माणूस जुना, गळ्यातला पट्टा तेवढा नवा. मागून त्याची माणसं, चपला हातात घेऊन.
"आजी, बंधारा होणार म्हणजे होणार!"
"आधीच्या पक्षातपन ह्येच बोललास रं."
सगळे हसले. तोपण हसला.

अर्धा बंधारा झाला आणि सरकार पडलं. नव्यांनी काम थांबवलं, ते थांबलंच. आज दुपारच्या भरतीला त्या अर्ध्या राहिलेल्या बंधाऱ्याच्या भगदाडातून समुद्र सरळ घरात. सून रडायला लागली. मी म्हटलं, दोऱ्या आखूड कर, पाळणा वर घे. खाली पाणी हलतंय, वर माझी नात झोपेत हसतेय, जशी होडीत निजलीय! पाय पाण्यात सोडून मी बघतच बसले. तांदूळ भिजले तेपण कळलं नाही.

पण पाणी अजून चढलं असतं तर? पाळणा वर जाईल, आढं कुठे वर जातंय?

निघताना जनूभाऊ म्हणाला, "नारळी पुनवेला नक्की येतो, बंधारा बघायला."
पुनवेलाही असंच उधाण असतं. ते मी बोलले नाही. एवढंच म्हटलं, "ये रं, दुपारच्या भरतीलाच ये."
येतोय म्हणालाय. नारळी पुनवेला.