शहात्तर किलो

१२ नोव्हेंबर, बुधवार

शहाऐंशी! सोलापूरच्या दवाखान्यात नर्सनं दोनदा काट्यावर उभं केलं. दोन्ही वेळा तेच.

मल्लेशच्या किडन्या गेल्या वर्षी निकामी झाल्या. धाकटा भाऊ माझा, सदतिशीचा. आठवड्यातून दोनदा त्याच्या माकणी गावाहून सोलापूर, डायलिसिसला. रक्तगट माझा आणि त्याचा एकच. आईला, अव्वाला, बीपी, तिची चालत नाही. म्हणून मी देणार. पण डॉक्टर म्हणाले, या वजनावर ऑपरेशन नाही. आधी कमी करा, मग पुढच्या तपासण्या.

मी म्हटलं, साठ करते. लग्नात साठच होते. त्यावर हसले. म्हणाले, लग्नाला वीस वर्षं झाली, आता शहात्तर पुरे. पाच महिन्यांत दहा किलो. तेवढं जमतं आणि टिकतं.

एवढा सोपा आकडा का दिला? मल्लेशचं आता काही खरं नाही, हिला कशाला उगाच त्रास — असं तर नसेल ना? डॉक्टर लोक तोंडावर सांगत नाहीत.

१३ नोव्हेंबर

साठच! वहीच्या पुठ्ठ्यावर मोठं लिहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सहा दिवस ताक, काकडी आणि अर्धी भाकरी. आज माझ्या शिलाईच्या दुकानात एका बाईच्या ब्लाउजचं माप घेताना डोळ्यांपुढं अंधारी आली. शेजारच्या गजराबाईनं तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले तर हे समोर. बी-बियाण्याचं दुकान उघडं टाकून आले होते. डॉक्टरांना फोन यांनीच लावला आणि माझ्या हातात दिला.

डॉक्टर म्हणाले, “उपाशी राहून कमी केलेलं वजन मला नको. अशक्त माणसाची किडनी मी घेत नाही. शहात्तर करून एप्रिलमध्ये या. आधी आलात तर परत पाठवीन.”

म्हणजे आकडा मल्लेशकडं बघून दिलेला नव्हता. माझ्याकडं बघून दिलेला होता. बहुतेक.

२१ नोव्हेंबर

साठ खोडलं. शहात्तर लिहिलं. सकाळी गावातल्या किल्ल्याभोवती चालायचं, दोन वेळा जेवायचं, तेल निम्मं, साखर बंद. यांनी घरी वजनकाटा आणून दिला, चकतीवर सुई फिरते तसला.

११ जानेवारी, रविवार

ब्याऐंशी. महिन्याला दोन, डॉक्टर म्हणाले तसंच.

२५ जानेवारी, रविवार

ब्याऐंशी. दोन आठवड्यांत तसूभर हललं नाही. चालणं एक दिवस चुकलं नाही.

आणि यांचं काय चाललंय कळत नाही. परवा शेंगाच्या गोड पोळ्या घेऊन आले. काल पेढे. म्हणाले, एकानं काय होतंय. वीस वर्षांत माझ्यासाठी कधी वेणी आणली नाही या माणसानं!

१ फेब्रुवारी, रविवार

ब्याऐंशी. रडू आलं. हे म्हणाले, “नसंल होत अंगाला तर सोडून दे. देवाच्या मनात नसंल.” लई मऊ आवाजात म्हणाले. तोच आवाज खटकला.

गजराबाईला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या मालकाचं आणि मल्लेशचं कुठं पटतंय? खरंय ते. पाच वर्षांपूर्वी सोनारीच्या यात्रेत दोघांचा शब्दानं शब्द वाढला, तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. पण कुणी मरणावर राग काढतं का? काढत असेल का?

५ फेब्रुवारी, गुरुवार

ब्लाउज ढगळ होतोय. टेप खोटं बोलत नाही, दंड एक इंच कमी भरला. मग काटाच का हलत नाही?

दुपारी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेले. आडतीवर धान्य मोजायच्या काट्यावर उभी राहिले. हमाल बघत होते, बघू देत. साडेएकोणऐंशी!

घरी येऊन आपल्या काट्यावर पाच किलोचं आट्याचं पाकीट ठेवलं. साडेसात दाखवलं. खाली एक चाक असतं, सुई मागंपुढं करायचं. कुणीतरी फिरवलंय. मी शून्यावर आणलं आणि गप्प बसले.

७ फेब्रुवारी

सुई परत अडीचवर.

घरात माणसं दोन. पोरगी लातूरला शिकायला. मी फिरवलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी यांच्यापुढं काटा पालथा ठेवला. म्हटलं, चाक कुणी फिरवलं?

चहाचा कप खाली ठेवला. नाही म्हणाले नाहीत. “म्या फिरवलं.”

मी विचारलं, माझा भाऊ मेला तर तुम्हाला बरं वाटेल का?

काटा सुलटा केला. मग म्हणाले, “तू सगळ्यांना इचारलंस. डॉक्टरला, अव्वाला, गजराबाईला. तुला टेबलावर काय झालं तर माझं काय, हे मला इचारलंस का?”

नव्हतं विचारलं. खरं आहे. पण तेवढ्यानं विश्वास कसा ठेवू? भीती होती तर तसं सांगायचं. चोरून चाक फिरवायचं? आणि पेढे? काटा उचलला आणि दुकानात नेऊन कुलपात ठेवला.

१ मार्च, रविवार

अठ्ठ्याहत्तर. घरात बोलणं कामापुरतं. जेवण मीच वाढून घेते, यांच्या हातचं काही घेत नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

पंच्याहत्तर आठशे! आडतीवरही मोजून आले. मल्लेशला फोन केला. “अक्का,” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

हे म्हणाले, दवाखान्यात मीही येतो. का? शेवटच्या घटकेला मोडता घालायला? सही यांची लागणार असेल तर? नको म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

२२ एप्रिल, बुधवार

माझी चालणार नाही. वजनामुळं नाही. स्कॅनमध्ये डावी किडनी लहान निघाली, जन्मापासूनचीच. दुसरीवरच सगळा भार. डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडं द्यायला नाही. मल्लेश भिंतीकडं तोंड करून बसला. हे कुठं दिसेनात. म्हटलं, यांची सुटका झाली, गेले असतील चहाला. अर्ध्या तासानं रक्त तपासतात त्या खोलीतून बाहेर आले. शर्टाची बाही वर दुमडलेली, कोपरावर कापूस दाबून धरलेला. माझ्याकडं बघितलं नाही. मल्लेशशेजारी जाऊन बसले आणि त्याला म्हणाले, “माझा गट चालतोय म्हणं.”