पार्किंग क्रमांक चौदामधील खांब आणि अर्जदाराची आई

प्रति,
मा. बांधकाम तपासणी अधिकारी साहेब,
नगर बांधकाम विभाग,
दुसरा मजला, लिफ्टसमोर.

विषय: नवीन इमारतीच्या तळघरातील पार्किंग क्रमांक चौदामध्ये गाडी मावते, परंतु गाडीतील माणसांना उतरता येत नाही, सबब जागा क्रमांक नऊ बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर: "जागा नियमात बसते. तक्रार निकाली."

महोदय,

आपल्या टेबलावर कागदांचा डोंगर असताना अर्जदार त्यावर आणखी एक दगड ठेवत आहे, याबद्दल आधीच क्षमा असावी. पहिल्या अर्जात अर्जदाराने लाजेपोटी अर्धीच हकिगत लिहिली होती. अर्ध्या हकिगतीवर पूर्ण न्याय मागणे बरे नव्हे, म्हणून या खेपेस लाज बाजूला ठेवून सर्व काही मांडण्यात येत आहे.

१. अर्जदार हा मोटार चालवायला शिकवणारा मास्तर आहे. या भागातील निम्म्या गाड्या अर्जदाराच्या ओरडण्यानेच सरळ चालतात. घरी अर्जदार व त्याची वृद्ध आई अशी दोनच माणसे. आईचे गुडघे वाकेनासे झाले आहेत. जुन्या घरी जिना होता. म्हणून नवीन घर घेताना अर्जदाराची एकच अट होती, की गाडीतून उतरल्यावर आईला एकही पायरी न चढता लिफ्टपर्यंत जाता आले पाहिजे. स्वयंपाकघराचा ओटा, नळांची धार आणि खिडक्यांच्या कड्या आईने तपासल्या. पार्किंग तपासणे अर्जदाराकडे आले, कारण ज्याचे काम त्यानेच करावे.

२. अर्जदाराने हे काम वाऱ्यावर सोडले नाही. इतर गिऱ्हाइके नकाशावर बोट ठेवून माना डोलावत होती, तेव्हा अर्जदाराने शिकवणीची गाडी प्रत्यक्ष तळघरात नेली. बिल्डरचा माणूस अदबीने म्हणाला, "साहेब, एका बाजूला खांब आहे ते नशीबच समजा. तिकडून कोणी ओरखडा काढणार नाही." गाडी एक शिकाऊ मुलगी चालवत होती व अर्जदार नेहमीप्रमाणे तिच्या शेजारच्या सीटवर होता. मुलीने गाडी सरळ आत घातली. अर्जदाराने आपल्या बाजूचे दार सताड उघडले, ऐटीत बाहेर पाऊल टाकले, समोर लिफ्ट पाहिली आणि "फर्स्ट क्लास!" असे म्हणून सही केली.

३. येथे कबूल करणे भाग आहे, की अर्जदाराचा सारा जन्म शेजारच्या सीटवर गेला आहे. गाडी चालवणाऱ्यालाही कधीतरी उतरावे लागते, हा विचार त्याला त्या दिवशी शिवला नाही. ती मुलगी चणीने बारीक. ती दोन सीटांमधून मागे सरकली आणि मागच्या दाराने निघाली. अर्जदाराला वाटले, तिची छत्री मागे राहिली असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

४. राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी आईला शेजारी बसवून अर्जदाराने स्वतः गाडी आत घातली. खांब अर्जदाराच्या दाराला असा भिडला, की मधून हातही जाईना. उतरायचे ते आईच्याच बाजूने. परंतु आईला सीटवरून उठायला बाहेरून अर्जदाराचा हात लागतो, आणि अर्जदाराला बाहेर पडायला आधी आई उठावी लागते. तिने म्हणावे "तू उतर, मग मी उतरते," आणि अर्जदाराने म्हणावे "तू उतर, मग मी उतरतो." शिकाऊ मुलीप्रमाणे मागे सरकावे तर अर्जदाराचे पोट आडवे येते. शेवटी लिफ्टकडे निघालेल्या एका शेजारीणबाईंनी आईला हात दिला.

५. आता साहेब विचारतील, की गाडी उलटी का लावत नाही? लावून पाहिली. उलटी लावली की अर्जदार मोकळा होतो आणि खांब आईच्या दाराशी येतो. इकडे आड, तिकडे विहीर. आईला मागे बसवावे तर तिचे पाय लांब करायला मागे जागा नाही. इमारतीच्या पुढच्या दाराशी उतरवावे तर तेथे पायऱ्या आहेत, आणि त्या आपल्याच कार्यालयाने मंजूर केल्या आहेत. लिफ्टसमोर वाटेतच गाडी थांबवून तिला उतरवण्याचाही प्रयत्न झाला. ती वाट उताराच्या पायथ्याशी असून एका गाडीपुरतीच आहे. आईने एक पाय बाहेर टाकला तोच वरून एक मोटार आली आणि तिने जो हॉर्न धरला तो सोडेचना. आईने घाबरून पाय आत घेतला. तो हॉर्नवाला अर्जदाराचाच जुना विद्यार्थी निघाला, हे सांगताना अर्जदाराची मान खाली जाते.

६. पहिल्या अर्जानंतर आपल्या कार्यालयातील मोजणीदार येऊन गेले. गृहस्थ सज्जन आहेत. त्यांनी टेप धरून लांबी घेतली, रुंदी घेतली आणि खांबासकट जागा पुरेशी भरते असे नोंदवले. खांबासकट पाहिले तर अर्जदाराचीही तक्रार नाही. जागा नियमात बसते, गाडी जागेत बसते, आई आणि अर्जदार गाडीत बसतात. अडते ते फक्त उठताना. मोजणीदार पायी आले होते, त्यामुळे हा मुद्दा त्यांच्या लक्षात आला नाही.

७. अर्जदाराचे स्वतःचे कसेही निभावते. एकटा असला की तो गाडी उलटी लावतो आणि शिट्टी वाजवत वर जातो. प्रश्न आईचा आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला अर्जदाराची मावशी राहते. तीही थकली आहे. जुन्या घरी असताना जिना उतरवून अर्जदार आईला दर आठवड्याला तिच्याकडे नेत असे, आणि दोघी बहिणी अख्खी दुपार एकमेकींच्या चुका काढत बसत. बिनजिन्याच्या घरात आल्यापासून ते जाणेच बंद पडले आहे. आई म्हणते, "मला नाही कुठे जायचं. इथं गॅलरीतून सगळं छान दिसतं." गॅलरीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. मावशी फोनवर विचारते, "घर एवढं चांगलं घेतलंत, मग तिला कोंडून का ठेवलंय?" फोन ठेवल्यावर अर्जदाराला फार वाईट वाटते.

८. गेल्या रविवारी अर्जदाराने हट्टाने आईला मावशीकडे नेले. जाताना त्याच शेजारीणबाई भेटल्या, म्हणून निभावले. परतताना लिफ्टपाशी कोणी बाई उभ्या दिसल्या, त्यांच्या भरवशावर अर्जदाराने गाडी सरळ आत घातली. गाडी थांबेपर्यंत लिफ्ट त्यांना घेऊन वर गेली. तळघरात फोन लागत नाही. गाडी मागे घेऊन पहारेकऱ्याला आणायला जावे तर तो वरचे फाटक सोडत नाही. कोणीतरी खाली येईपर्यंत मायलेक समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिले. अर्जदार खांबाला, बिल्डरला व (क्षमा असावी) आपल्या कार्यालयालाही नको नको ते बोलला. आईने पर्समधून बिस्किटे काढली, अर्धी अर्जदाराच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "चिडतोस कशाला? बरं झालं अडकलो ते. नवीन घरात आल्यापासून तू माझ्याजवळ एवढा वेळ बसलाच नव्हतास."

९. खांब पाडावा अशी अर्जदाराची मागणी नाही. त्याच्यावर इमारत उभी आहे आणि तिच्यात आई राहते. मागणी साधी आहे. लिफ्टलगतची जागा क्रमांक नऊ मंजूर नकाशात पाहुण्यांसाठी असताना तेथे बिल्डरने नमुन्याच्या घरातला जुना सोफा ठेवला आहे. त्या सोफ्याला दोन्ही बाजूंनी ऐसपैस उतरता येते, आणि आजवर तो कोठे गेल्याचे कोणी पाहिलेले नाही. सोफा क्रमांक चौदामध्ये सुखाने राहील. पाहुण्यांना चौदामध्ये गाडी लावायची झाल्यास अर्जदार सोफा स्वतः उचलेल. तरी जागा नऊ अर्जदारास देण्याचा आदेश व्हावा. खात्री करायची असल्यास साहेबांनी मोजणीदारांना न पाठवता स्वतः गाडी घेऊन यावे, आणि मातोश्री असतील तर त्यांना शेजारच्या सीटवर बसवून आणावे.

आदेश झाल्यावर आई मावशीकडे जाऊ लागेल. राहिला प्रश्न तिच्याजवळ बसण्याचा. ती सोय अर्जदार घरीच करील, त्यासाठी खांबाची गरज पडणार नाही.

आपल्या गाडीची वाट पाहणारा,
आपला नम्र अर्जदार

(सही)
मोटार शिकवणारे मास्तर
सदनिका चौथा मजला, पार्किंग क्रमांक चौदा
दिनांक: रविवारनंतरचा सोमवार

सोबत:
१) मंजूर नकाशाची प्रत, खांबावर लाल खूण केलेली.
२) जागा नऊमधील सोफ्याचे छायाचित्र.
३) शेजारीणबाईंचे पत्र, की रोज हात द्यायला त्यांची ना नाही, पण त्यांनाही माहेरी जायचे असते.