नोंदणीपूर्वी कविता म्हणावी

३ मार्च
गाळ्याचा मालक दुकानात येऊन गेला. आवाज मऊ, निरोप कडक. महिनाअखेर गाळा रिकामा हवा. जाताना पुस्तकांच्या कपाटांवरून नजर फिरवली, बाजारात गुरं पाहावीत तशी.

जेवताना चिरंजीवांनी निकाल दिला. घरात जागा नाही, पुस्तकं रद्दीत जातील, ट्रक ठरवतो. मी शांतपणे म्हणालो, ऑनलाइन दुकान काढतोय. त्याला ठसकाच लागला. पाणी पिऊन म्हणाला, बाबा, एकतीसपर्यंत एक ऑर्डर, फक्त एक, पुरी करून दाखवा. मागची खोली तुमच्या पुस्तकांना दिली. नाहीतर ट्रक.
मंजूर. एक म्हणजे काय! पहिल्याच आठवड्यात माणसं रांग लावतील.
ही म्हणाली, आधी मोबाइल चार्जिंगला लावायला शिका.

५ मार्च, सकाळ
सूनबाई कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिने डेटाबेस समजावला. टेबल, त्यात ओळी, ओळींना रकाने. म्हणजे शाळेचं हजेरीपुस्तकच की! मला पहिल्या फटक्यात कळलं. ती म्हणाली चार रकाने पुरेत : नाव, लेखक, किंमत, शिल्लक. पोर हुशार, पण रुक्ष. मी पाचवा जोडायला लावला : आठवण. आणि तो सक्तीचा. आठवण लिहिल्याशिवाय पुस्तक सेव्ह होणार नाही. तिने कपाळावर हात मारला. आज कपाळावर मारलेला हात उद्या टाळी वाजवतो.

११ मार्च
डेटाबेसमध्ये भरलेली पुस्तकं : मोजकी. पण खोली पाहावी, लांबी नव्हे. पक्ष्यांवरच्या पुस्तकाला अख्खी सकाळ गेली. ते उघडलं आणि वर्गाच्या खिडकीत बसणारी चिमणी आठवली. चिमणीवरून मास्तर, मास्तरांवरून त्यांचा कोपराला विरलेला कोट, कोटावरून खडूचा वास. भानावर आलो तेव्हा चहावर साय धरली होती.
चिरंजीवांनी विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, पाया घालतोय. म्हणाला, घाला, घाला, त्याच पायावर ट्रक उभा करू.
उद्यापासून वेग वाढवणे.

१२ मार्च
वेग नाही. पाठ धरली.

१६ मार्च
आज रजिस्ट्रेशन आणि लॉगिन. सूनबाई म्हणाली, नाव, ईमेल, पासवर्ड, झालं. मी म्हटलं, असं कोणीही उठावं आणि आत यावं? दुकान आहे की धर्मशाळा? आमच्या वर्गात बाकावर बसण्याआधी कविता म्हणावी लागे. चुकला तो दाराबाहेर. म्हणून नोंदणीच्या फॉर्मवर एक प्रश्न घालायला लावला :
‘टेकडीमागे सूर्य उतरला, शाळा झाली मुकी’ – पुढची ओळ लिहा.
येणार नाही त्याला पुस्तक नाही. शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ही ओळ तोंडपाठ असणार.
सूनबाई म्हणाली, बाबा, गिऱ्हाईक पुस्तक घ्यायला येतं, परीक्षेला नाही. मी नुसता हसलो. तिच्या पिढीला पाठांतराचं वावडं.

२० मार्च
साइट सुरू! पाटी उजळली. ‘स्वागत आहे’ तीनदा वाचलं. गल्लीतल्या छापखानेवाल्याने पत्ता छापून दिला, मी तो दुकानाच्या काचेवर लावला. चिरंजीवांनीही ऑफिसात सगळ्यांना कळवलं. (कुचेष्टेने असणार.)

२३ मार्च
भरपूर माणसं येताहेत! सगळी दारातून परत. त्यांनी लिहिलेली उत्तरं टेबलात दिसतात. ‘माहीत नाही.’ ‘शाळेला सुट्टी.’ ‘काका, पुस्तक हवंय हो, द्या ना.’ एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी फोन केला. त्यांना कपाटभर पुस्तकं हवी होती. मी म्हटलं, बाई, ओळ सांगा. त्या म्हणाल्या, कुठल्या इयत्तेला होती? मी खेदपूर्वक फोन ठेवला.

चिरंजीव संध्याकाळभर नेटवर शोधत बसला. म्हणाला, बाबा, ही कविता कुठल्याच पुस्तकात नाही. मग मला आठवलं. मास्तरांनीच रचली होती. फळ्यावर लिहायचे आणि घंटा झाली की पुसायचे. म्हणजे आमच्या वर्गाबाहेर कोणाला ठाऊकच नसणार. अशी सुरक्षा बँकांनाही जमलेली नाही.
तो म्हणाला, अहो, प्रश्न काढा. काढणार होतो. पण मास्तरांना वर्गाबाहेर काढल्यासारखं वाटलं.

२४ मार्च
वर्गमित्रांना फोन केले. पहिला गेल्या थंडीत गेला. त्याच्या मुलीने मलाच धीर दिला. दुसऱ्याला ऐकू येत नाही. तिसऱ्याला कविता आठवत नाही, मास्तरांची छडी आठवते.
तरी उमेद कायम.

२७ मार्च, दुपार
आलं! एक गिऱ्हाईक आत आलं! ‘फळ्यावरी पण अजून राही शेवटची ती चुकी.’ काना-मात्रेसकट. नाव : ‘एक वाचक’. आमच्याच वर्गातला, पैज लावतो! पत्ता सूनबाईच्या ऑफिसच्या इमारतीचा. बघा, एवढा जवळ राहून पठ्ठ्याने कधी ओळख दिली नाही. ऑर्डरही टाकली : बागेतल्या किड्यांवरची एक पुस्तिका.
चिरंजीव म्हणाला, जिंकलात बाबा, ट्रकवाल्याला नको म्हणून कळवतो. ‘जिंकलात’ म्हणताना त्याचं तोंड पडायला हवं होतं, पण नाही पडलं. खेळाडू वृत्ती माझ्याकडून आली असावी.

२८ मार्च
पुस्तिका बांधायला घेतली. बांधण्याआधी सहज उघडली. मधल्या पानावर सुरवंटाचं चित्र. वर्गात असाच सुरवंट मी काडेपेटीत आणला होता, मास्तर रागवले नाहीत, उलट… असो. कागद गुंडाळला, सोडला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सोडला. शेवटी ऑर्डर रद्द केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : ‘प्रत विक्रीयोग्य नाही. आठवण अजून ओली आहे.’
एवढा रसिक माणूस समजून घेईल, दुसरं काहीतरी मागवेल. तीन दिवस पुष्कळ झाले.
आज हिने भाजीत मीठच घातलं नाही. उन्हाचा त्रास.

३० मार्च
‘एक वाचक’ परत आला नाही. हल्ली चिकाटी कुठे राहिली आहे!
चिरंजीवांना रद्द केल्याचं कळलं. ओरडेल वाटलं होतं. हळूच म्हणाला, बाबा, मी हरायला बसलो होतो. मग बाहेर जाऊन ट्रकवाल्याला फोन केला.

३१ मार्च
ट्रक आला. हमाल भले होते. किड्यांची पुस्तिका गल्ल्याजवळ बाजूला ठेवली होती, तीही गठ्ठ्यात गेली. हाक मारणार होतो. वरती दोरी आवळून झाली होती.

२ एप्रिल
जेवणं आटपल्यावर ही म्हणाली, तो ‘एक वाचक’ मीच होते. सूनबाईच्या फोनवरून.
मी म्हटलं, तुला ती ओळ कशी आली? म्हणाली, लग्न झाल्यापासून रोज न्हाणीघरातून ऐकतेय, भिंतींनासुद्धा पाठ झाली असेल.
मग म्हणाली, सगळ्यात पातळ बघून मागवलं होतं हो. वाटलं, तेवढं तरी सुटेल तुमच्या हातून.
ताटं उचलून आत गेली.
मी मागच्या खोलीत डोकावलो. सत्तावीस तारखेलाच चिरंजीवांनी ती झाडून घेतली होती म्हणे. तिन्ही भिंतींना वरपासून खालपर्यंत नव्या फळ्या ठोकलेल्या. पॉलिशचा वास अजून गेलेला नाही.
तो मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, यांच्यावर आता काय ठेवायचं?
म्हटलं, विचार करून सांगतो.